एंग्लुंड गॅम्बिट समोर आला तर काय करायचं

तुम्ही बुद्धिबळात पांढऱ्याकडून खेळताय, वजिरापुढचं प्यादं डी४ ला (डी ही उभी रांग, ४ ही आडवी) टाकलंय, आता निवांत आपलं नेहमीचं खेळू असं मनात ठरवलंय आणि समोरचा पहिल्याच चालीत ई५ करून मोकळा. प्यादं फुकट! हाच एंग्लुंड गॅम्बिट, गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच मुद्दाम प्यादं देऊन खेळणं. नाव पडलं स्वीडनच्या फ्रिट्झ एंग्लुंड यांच्यावरून, त्यांनी १९३२ मध्ये फक्त या ओपनिंगवर, म्हणजे डावाच्या या सुरुवातीवर, एक स्पर्धाच पुरस्कृत केली होती. इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा कॉम्प्युटर, याला काडीची किंमत देत नाही, पण ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावात, लोक यासमोर आठव्या चालीत मात खातात. मीही खाल्लीय, दोनदा, लागोपाठ, एकाच माणसाकडून.

दुसऱ्यांदा हरल्यावर बोर्ड मांडून बसलो तेव्हा कळलं की काळा काही ग्रेट खेळत नव्हता, मीच ते एक प्यादं छातीशी धरून बसलो होतो. सगळा ट्रॅप त्या हावरटपणावर उभा आहे.

आधी प्यादं घ्या, डी४ चं ई५ वर. घाबरून ई३ वगैरे करू नका, घेण्यात काहीच धोका नाही. काळा बहुतेक वेळा घोडा सी६ ला आणतो, तुम्ही घोडा एफ३ ला आणा, मग तो वजीर ई७ ला आणतो. स्वतःच्याच उंटाची वाट अडवून वजीर तिथे उभा राहिला की समजायचं, गडी ट्रॅप पाठ करून आलाय.

आता चौथी चाल, इथेच सगळं ठरतं. ई५ चं प्यादं वाचवायला हात आपोआप उंटाकडे जातो, उंट एफ४. आणि लगेच वजीर बी४ वर शह! राजाला शह, एफ४ च्या उंटावर डोळा आणि बी२ चं प्यादंही टप्प्यात, एका चालीत तीन कामं. उंट डी२ ला मागे घ्यावा लागतो, वजीर बी२ खातो आणि आता ए१ चा हत्ती मरतोय. मग माझ्यासारखा माणूस काय करतो, उंट सी३! वजिरावर हल्लाही झाला आणि हत्तीही वाचला, वा. पण काळा उंट बी४ ला आणतो आणि तुमचा सी३ चा उंट पिन, म्हणजे हलला तर राजाला शह, वजीर मारताच येत नाही. तुम्ही वजीर डी२ ला आणता, तो उंटाने सी३ चा उंट मारतो, तुम्ही वजिराने परत मारता आणि काळा वजीर सी१ वर येऊन मात. घोड्याने मारलं असतं तर मात टळली असती पण ए१ चा हत्ती गेला असता. म्हणजे मरण दोन्हीकडून.

उंट एफ४ ला जाऊन बसलाच असेल तरी गेम गेलेला नाही हं. वजिराने बी२ खाल्ला की सहाव्या चालीत उंट नाही, घोडा सी३. घोडा बी१ वरून हलला की तुमच्या वजिराला पहिल्या रांगेतून ए१ पर्यंत सरळ दिसतं, हत्ती सेफ. त्याने उंट बी४ केलं तर हत्ती बी१, वजीर ए३ ला पळतो, हत्ती बी३, वजीर ए५, मग तुम्ही ए२ चं प्यादं ए३ ला पुढे करा. तो उंटाने सी३ चा घोडा मारेल, तुम्ही उंटाने परत मारा म्हणजे वजिरावर पुन्हा हल्ला, तो सी५ ला गेला की ई६! प्यादं पुढे सरकलं आणि मागचा उंट थेट जी७ वर बघतोय, त्याने ई६ चं प्यादं मारलं की तुम्ही जी७ खा, पाठोपाठ कोपऱ्यातला हत्ती. आणि सहाव्या चालीनंतर त्याने उंटाऐवजी घोडा बी४ ला आणला तर घोडा डी४, सी२ चं घर सांभाळायला.

पण एवढं पाठ करायचंच कशाला? मी हल्ली चौथ्या चालीत थेट घोडा सी३ करतो. खा बाबा तुझं प्यादं. तो घोड्याने ई५ खातो, मग माझा सी३ चा घोडा डी५ वर, वजिरावर हल्ला आणि सी७ वर नजर. तो घोड्याने एफ३ चा घोडा मारून शह देतो, तो जी-च्या प्याद्याने मारायचा. ई-च्या प्याद्याने मारायला जाल तर चालच होणार नाही, ई७ चा वजीर तुमच्या राजासमोर उघडा पडतो. मी एकदा माउसने ते प्यादं ओढत बसलो होतो, चार सेकंद गेली आणि वाटलं नेट अडकलं. मग त्याचा वजीर बहुतेक डी८ ला परत, म्हणजे एवढा सगळा फेरफटका फुकट. तुम्ही वजीर डी४ ला आणा, तो डी६ करेल, मग उंट जी५! वजिराने उंट खाल्ला तर घोडा सी७ वर शह देऊन ए८ चा हत्ती खातो, म्हणून तो एफ६ करतो, तुम्ही उंट डी२ ला घ्या. एफ६ वर प्यादं आल्याने त्याच्या राजाकडच्या घोड्याला नेहमीचं घर उरत नाही. प्यादी सारखीच, पण त्याची बाजू बघवत नाही.

काही जण दुसऱ्या चालीत वेगळं काही करतात. एफ६ केलं तर खात बसू नका, ई४ करा. त्याने ई५ खाल्लं तर वजीर एच५ शह आणि पुढच्या चालीत ई५ चं प्यादं शहासकट परत. डी६ केलं तर घोडा एफ३, पुढे त्याने ई५ मारलं तर वजीर बदला आणि घोड्याने ते प्यादं घ्या, त्याचं कॅसलिंगही (राजा-हत्ती एकाच चालीत हलवून राजा सेफ करणं) गेलं.

उंट सी५ वाला मात्र जरा डेंजर. तुम्ही घोडा एफ३, तो डी६, तुम्ही प्याद्याने डी६ खाता, तो घोडा एफ६ ला आणतो आणि तुमच्यासमोर सी७ चं प्यादं ताटात वाढल्यासारखं, वर वजिरावर हल्लाही होतोय. खाल्लंत की उंट एफ२ वर शह, राजाने उंट मारला की डी-फाइल (डीची उभी रांग) रिकामी आणि तुमचा वजीर गेला. तिथे ई३ करायचं, बस्स.