कॅमेऱ्याला न दिसणारा चेहरा कसा रंगवायचा

अ‍ॅडम हार्वे या अमेरिकन कलाकाराने २०१० साली न्यूयॉर्कमध्ये ‘सीव्ही डॅझल’ या नावाने केसांच्या आणि रंगरंगोटीच्या काही रचना केल्या. माणसाला त्यात चेहरा दिसतो, कॅमेऱ्यामागच्या प्रोग्रामला दिसत नाही. चित्रकलेच्या मुलांकडून मी हे करून घेते. कॅमेऱ्यांच्या पाळतीविषयी भाषण देण्यापेक्षा बरं.

लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि ओपनसीव्ही हा चित्रांतल्या गोष्टी ओळखणारा तयार कोड टाका. ‘हार कॅस्केड’ या चेहरा शोधण्याच्या पद्धतीची, समोरून दिसणाऱ्या चेहऱ्याची फाइल त्यासोबतच येते. ती वापरून वेबकॅमच्या चित्रात चेहऱ्याभोवती चौकोन काढायला सांगा. ही पद्धत व्हायोला आणि जोन्स या संशोधकांची, २००१ ची. तिला नाक-डोळे कळत नाहीत, ती फक्त उजळ-गडद आयतांमधला फरक मोजते: डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद, दोन डोळ्यांमधला नाकाचा भाग उजळ. घाव तिथेच घालायचा. केसांची जाड बट भुवयांमधून नाकावर आणा. एका गालावर काळा, दुसऱ्यावर पांढरा तिरका पट्टा ओढा. दोन्ही बाजू सारख्या झाल्या तर मेहनत वाया. काजळ अजिबात नको, डोळे आणखी गडद होतात आणि मशीनचं काम सोपं होतं (हे मुलींना पटवणं सगळ्यात अवघड). एका वेळी एकच बदल करा आणि चौकोन कधी नाहीसा होतो ते बघा.

याच्या भरवशावर मोर्चाला मात्र जाऊ नका. आजचे न्यूरल नेटवर्कवाले, म्हणजे असंख्य चित्रं बघून स्वतःच शिकलेले प्रोग्राम अर्धा झाकलेला चेहराही पकडतात. शिवाय एवढा रंग फासलेल्याकडे पोलीस साध्या डोळ्यांनीच बघतील.