जुन्या लॅपटॉपवर नेटवर्क बूट अडतंय? या चुका टाळा

नेटवर्क बूट, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरच्या सर्व्हरवरून लॅपटॉप चालू करणं, फसलं की लोक आधी सर्व्हर पुसायला घेतात. कृपया असं करू नका. गाडी नेमकी कुठे अडली ते लॅपटॉपची पीएक्सई रॉम (नेटवर्क बूट करणारा आतला छोटा प्रोग्राम) पडद्यावर ‘PXE-E61’ अशा कोडने लिहून दाखवते, पण ते वाचायच्या आत आपण रीस्टार्ट मारतो. आधी मोबाइलवर त्या कोडचा फोटो काढा.

ई६१ दिसला तर केबल बदला आणि पोर्टचा दिवा बघा. वायफायवरून हे लॅपटॉप बूट होत नाहीत. यूएसबी-लॅन डोंगलही जुन्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) बहुधा दिसत नाही.

खरा वेळ खातो तो ई५३. लॅपटॉपला आयपी पत्ता मिळाला, पण बूट फाइलचं नाव मिळालं नाही, एवढाच त्याचा अर्थ. एका शाळेच्या लॅबमध्ये देणगीत आलेल्या थिंकपॅडांवर हाच कोड येत होता. तिथल्या उत्साही मुलाने सर्व्हर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल केला होता, नेटवरच्या कुणाकुणाच्या कॉन्फिग फाइली आणून चिकटवल्या होत्या. टीएफटीपी, म्हणजे बूट फाइल लॅपटॉपला पाठवणारी सेवा, तो सर्व्हरवर बसूनच तपासायचा, आणि तिथे फाइल झटक्यात उतरायची. मी सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावला आणि एक लॅपटॉप चालू करायला सांगितला. लॅपटॉपची डीएचसीपी विनंती (आयपी पत्ता मागणारी) येताना दिसली, राउटरचं उत्तरही दिसलं, बूटची माहिती देणाऱ्या आपल्या डीएनएसमास्क प्रोग्रामचं मात्र एकही पॅकेट नाही. सर्व्हरच्या फायरवॉलने विनंती दारातच अडवली होती. यूडीपीचे ६७, ६९ आणि ४०११ हे पोर्ट उघडले आणि मेनू आला.

तेव्हापासून कॉन्फिगला हात लावण्याआधी टीसीपीडंप, हा माझा नेम आहे. आणि घरात किंवा शाळेत राउटर पत्ते वाटतच असेल, तर दुसरा डीएचसीपी उभा करू नका. डीएनएसमास्क प्रॉक्सी मोडमध्ये चालवा: पत्ता राउटर देईल, बूटची माहिती डीएनएसमास्क. नेटवरची तयार कॉन्फिग न वाचता चिकटवणाऱ्यांची घाई मला पटत नाही. तो वाचवलेला वेळ पुढे दामदुप्पट जातो.

ई५१ म्हणजे डीएचसीपीचं कुणाचंच उत्तर नाही. मॅनेज्ड स्विच (सेटिंग बदलता येणारा) असेल तर त्यावर पोर्टफास्ट चालू करा, नाहीतर स्पॅनिंग ट्रीमुळे (नेटवर्कमध्ये वर्तुळ होऊ न देणाऱ्या तपासणीमुळे) पोर्ट सुरुवातीचे ३० सेकंद गप्प राहतो आणि तेवढ्यात रॉम कंटाळते. ई३२ आला तर टीएफटीपी आणि पुन्हा फायरवॉल तपासा.

बायोस आणि त्याच्या जागी आलेल्या यूईएफआयच्या बूट फाइली वेगळ्या असतात. नव्या मशीनवर चाललेली फाइल जुन्यावर चालेलच असं नाही.

मेनू येऊनही कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) अडला तर प्रोसेसर बघा. कोअर ड्युओवाला थिंकपॅड टी६० ३२ बिटचा आहे, ६४ बिटचा कर्नल तो घेणार नाही. आणि बायोसमधला लॅन बूट दर वेळी आपोआप बंद होत असेल, तर बायोसची सेटिंग जपणारा सीमॉसचा सेल बहुधा संपलाय. आधी तो बदला, मग बाकीचं.