दादाचे टोमॅटो आणि पायथनची लिस्ट

माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं. टोमॅटोचा खुडा सुरू झाला की दादा पिंपळगाव बसवंतच्या मार्केटातून फोन करतो आणि एवढंच म्हणतो, "लिही गं, एकशे ऐंशी." म्हणजे वीस किलोच्या कॅरेटला १८० रुपये. पूर्वी मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचे, आता पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिते. संध्याकाळी पंचवटीत माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांनाही लिस्ट याच भावांवर शिकवते.

भाव = [१८०, ९०, ८०, ३१०]

चौकोनी कंस, मध्ये स्वल्पविराम, झाली लिस्ट. नाव मराठीत ठेवलं तरी पायथन ३ ची हरकत नसते. आकडे आणि अपेंड, पॉप असले शब्द मात्र टाइप करताना इंग्रजीतच हवेत. इथे वाचायला बरं म्हणून देवनागरीत लिहितेय.

मोजणी शून्यापासून. भाव[०] म्हणजे १८०. भाव[४] मागितलात तर इंडेक्स एरर, कारण घरं ० ते ३ एवढीच. शेवटचा भाव हवा तर भाव[-१]. माझ्या रोजच्या कामाचं हेच, कारण दादा फोनवर आधी विचारतो, "मागच्या खुड्याला काय होता?"

नवा भाव आला की भाव.अपेंड(२४०), तो शेवटी जाऊन बसतो. मधला एखादा राहून गेला असेल तर भाव.इन्सर्ट(१, २००), मग पुढचे सगळे एकेक घर सरकतात. चुकून जास्तीचा टाकला तर भाव.पॉप() शेवटचा काढून हातात देतं. सरासरीसाठी सम(भाव) / लेन(भाव), म्हणजे बेरीज भागिले भाव किती आहेत ते. वरच्या चार भावांची १६५ येते. दादाला ती मान्य नाही: "३१० ला बाराच कॅरेट गेले, तू ते धरलंच नाहीस." बरोबर आहे त्याचं. त्यासाठी कॅरेटांची वेगळी लिस्ट लागते.

भाव इनपुटने विचारून भरत असाल तर जपा. इनपुट जे देतं तो मजकूर असतो, आकडा नव्हे. तसेच अपेंड केले की सगळ्यात मोठा भाव सांगणारं मॅक्स(भाव) ९० सांगतं! मजकुरात पहिलं अक्षर आधी पाहिलं जातं आणि ९ हा १ आणि ३ च्या पुढचा. म्हणून अपेंड करण्याआधी इंट() मधून काढा, ते मजकुराचा आकडा करतं. गंमत म्हणजे इंट() ला अवतरणात मराठी '९०' दिला तरी कळतो.

आता पोरं हमखास अडकतात ती जागा. शंभराच्या आतले भाव काढून टाकायचे होते. एकाने फॉर लूप, म्हणजे एकेक भाव ओळीने घेणारी फेरी, लावला आणि त्यातच भाव.रिमूव्ह() केलं. ९० गेला, ८० तसाच राहिला. पोरगं म्हणे, कॉम्प्युटर बिघडलाय. मी टेबलावर चार वाट्या ओळीत मांडल्या. लूपचं बोट दुसऱ्या वाटीवर, म्हणजे ९० वर. ती उचलली की मागची ८० ची वाटी सरकून त्याच जागी आली. पण बोट तोवर पुढच्या जागेवर गेलं, तिथे आता ३१०. ८० ला कुणी विचारलंच नाही. चालत्या लूपमध्ये त्याच लिस्टमधून काढू नका. रिकामी लिस्ट घ्या, चांगले = [], आणि लूपमध्ये शंभर किंवा त्याहून जास्तीचे तेवढे तिच्यात अपेंड करा. मूळ लिस्टही शाबूत राहते.

शाबूत ठेवण्यावरून माझीच फजिती सांगते. भाव चढत्या क्रमाने लावायचे होते. आधी सावधपणे जुने = भाव केलं, मग भाव.सॉर्ट(). जुने उघडलं तर तेही चढत्या क्रमात! पाळण्यातलं नाव आणि दाखल्यावरचं नाव, माणूस एकच, तसं झालं होतं. दुसरी लिस्ट तयारच झाली नव्हती. तिथे जुने = भाव.कॉपी() हवं होतं, नाहीतर सरळ सॉर्टेड(भाव), जे नवी लिस्ट देतं आणि जुनीला हात लावत नाही. (भाव = भाव.सॉर्ट() तर मुळीच लिहू नका, भावच्या जागी नन, म्हणजे 'काहीच नाही', एवढंच उरतं.)

कुठल्या खुड्याला कुठला भाव, तो क्रम गेला तो गेलाच. दादाने हिशेबाच्या पट्ट्या ओट्यावरच्या तारेत टोचून ठेवल्या होत्या. त्याने फोनवर एकेक वाचली, मी पुन्हा टाइप केलं.