इलेक्ट्रिक रेसिंग मोटारसायकलचा चिकटलेला काँटॅक्टर

हिंगणघाटजवळच्या आमच्या गावी, घरच्या शेडमध्ये बांधलेल्या या इलेक्ट्रिक रेसिंग मोटारसायकलचा मुख्य काँटॅक्टर (बॅटरीचा मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा विद्युत स्विच) चावी बंद केल्यावरही सुटत नव्हता. २८ लिथियम-आयन सेल एकसर जोडणीत असल्याने पूर्ण चार्ज बॅटरी ११७.६ व्होल्ट देते. मोटरला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरमधील रिकामे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) जोडताक्षणी प्रचंड प्रवाह खेचतात आणि त्या ठिणगीने काँटॅक्टरचे संपर्कबिंदू वितळून एकमेकांना चिकटतात. म्हणून डीसीसाठी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेसाठी) बनवलेला नवा काँटॅक्टर बसवून त्याला समांतर, स्वतंत्र रिलेमार्फत (छोट्या विद्युत स्विचमार्फत), ४७० ओहमचा रेझिस्टर (प्रवाह मर्यादित ठेवणारा रोधक) जोडला. त्यातून १,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर सुमारे अडीच सेकंदांत ९९ टक्के भरतात आणि मगच मुख्य काँटॅक्टर जुळतो. सुरुवातीच्या क्षणी रेझिस्टरवर जवळपास ३० वॅट पडतात, त्यामुळे साधा पाव वॅटचा येथे मुळीच चालत नाही. एवढा डीसी दाब जीवघेणा असतो. विद्युतरोधक हातमोजे घालून बॅटरी विलग करावी आणि कपॅसिटरवरील व्होल्टेज मीटरने तपासल्याशिवाय तारांना हात लावू नये.