पावसाळ्यात घरात बुरशी धरू नये म्हणून एसी कसा वापरावा

जुलै उजाडला की मुंबईपासून सावंतवाडीपर्यंत घरोघरी तेच. कपाट उघडलं की कुबट वास, चामडी पट्ट्यावर पांढरी पूड, पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके. बुरशीला धूळ, लाकूड, सुती कापड, काहीही खायला चालतं आणि ते सगळं घरातून हलवता येत नाही. पाणी मात्र हलवता येतं. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे तो आकडा, सतत 60 टक्क्यांच्या आत राहिली, तर बुरशी सहसा धरत नाही. कोकणपट्टीत या दिवसांत बाहेर ती 80 ते 90 असते.

आधी मोजा. आर्द्रता मोजणारा साधा डिजिटल हायग्रोमीटर काही शे रुपयांत मिळतो, पण तो खरं दाखवतोय का ते तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या आणि ओल्या वाळूइतकं भिजेल एवढंच पाणी घाला. ते झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत शेजारी-शेजारी ठेवून रात्रभर सोडा. सकाळी आकडा 75 हवा. 79 आला, तर तुमच्या मीटरमधून कायम 4 वजा करायचे. मग तो हॉलमध्ये न ठेवता कपाटात किंवा पलंगामागे ठेवा. बुरशी तिथेच धरते.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हेही पाहा. संशय असलेल्या जागी फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवा. एक-दोन दिवसांनी फॉइलच्या आतून पाणी दिसलं तर भिंत गळतेय. आधी वॉटरप्रूफिंग करा, एसीने ते भागणार नाही. बाहेरून दिसलं तर दोष हवेचा.

आता एसी. आतल्या थंड कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन साचते आणि ड्रेन पाइपने बाहेर जाते. म्हणून खोली किती गार झाली यापेक्षा पाइपमधून किती पाणी पडलं ते बघा. पाइपखाली बादली ठेवा, लगेच कळेल. कॉम्प्रेसर बराच वेळ सलग चालला पाहिजे. खोलीच्या मानाने फार मोठ्या टनाचा एसी पटकन गारवा करून थांबतो आणि ओल तशीच राहते. तापमान 24 ते 26, पंखा मंद किंवा ऑटोवर, नाहीतर सरळ ड्राय मोड. कॉम्प्रेसर थांबल्यावर पंखा जोरात फिरत राहिला, तर कॉइलवरचं पाणी पुन्हा खोलीत येतं.

18 वर लावण्याचा मोह टाळा. बाहेर 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू 26 च्या आसपास असतो. म्हणजे त्याहून गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर ती हवा पाणी सोडणार. एसी बंद करून खिडकी उघडली की आरसा धूसर होतो, तो याचमुळे. पलीकडच्या खोलीत एसी नसेल, तर मधल्या भिंतीच्या त्या बाजूला हेच होतं, आणि तिथे टेकून कपाट असलं की त्याची पाठ बुरसते. एसी असताना दारं-खिडक्या बंदच ठेवा आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

झड लागलेल्या रात्री खोली आधीच 25 वर असते, तेव्हा एसीचा कॉम्प्रेसर फारसा चालतच नाही. अशा वेळी डिह्युमिडिफायर जास्त उपयोगी पडतो. तो खोली गार न करता पाणी ओढतो.

दिवसाचा एसी बंद करताना वीसेक मिनिटं नुसता फॅन मोड चालवा. थोडी ओल खोलीत परतते, पण कॉइलवर बुरशी बसून तीच हवा रोज नाकात जाण्यापेक्षा हे परवडलं. फिल्टर दर पंधरवड्याला धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.

एवढं करून धुणं बेडरूममध्ये वाळत घातलं तर मेहनत वाया जाते. एका वेळच्या कपड्यांतून लिटरभर पाणी सहज हवेत जातं. कपडे एका खोलीत, दार लावून, एक्झॉस्ट फॅन किंवा डिह्युमिडिफायर लावून वाळवा. कपाटातल्या डांबरगोळ्या किडीसाठी असतात, बुरशीला त्या रोखत नाहीत. तिथे सिलिका जेल ठेवा.

बुरशी दिसलीच तर कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू घरभर उडतात. मास्क लावून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच वाळवा. ब्लीच वापरलं तर त्यात टॉयलेट क्लीनरचं आम्ल चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

गणपतीला गावी जाताना बंद घर सर्वांत जास्त बुरसतं. निघण्याच्या आदल्या दिवशी एसी ड्राय मोडवर चालवून घर कोरडं करा, ओले टॉवेल नि पायपुसणी आत ठेवू नका, बाथरूमचं दार लावून घ्या आणि कपाटांची दारं मात्र उघडी सोडा.