शुक्रवारच्या सामन्याआधी: स्नॅप पाहणाऱ्या पंचाची तयारी

न्यू जर्सीत हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलच्या पंचगिरीत पहिलाच मोसम असेल, आणि त्यात अंपायरची जागा वाट्याला आली असेल, तर तयारी गुरुवारी रात्रीच सुरू करा. ही जागा बचावाच्या ओळीमागची, सेंटरच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणाऱ्या खेळाडूच्या, थेट नजरेसमोरची. त्याच्या त्या देण्यालाच स्नॅप म्हणतात. सगळ्यात आधी टीव्ही बंद. शनिवारी कॉलेजचे आणि रविवारी एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक लीगचे, सामने बघून डोळ्यांना जी सवय लागते, ती शुक्रवारी नडते. आपले नियम नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्सचे, म्हणजे एनएफएचएसचे. टेक्सासची हायस्कुलं कॉलेजच्या नियमांनी खेळतात, पण आपण टेक्सासात नाही. पुस्तकं दोन काढून ठेवा: नियमांचं, आणि प्रसंग देऊन निवाडे सांगणारं केसबुक. वेळ कमी असेल तर नियम 2 मधली स्नॅपची व्याख्या वाचा आणि नियम 7 सबंध वाचा.

व्याख्या घोकू नका, तोडून बघा. जमिनीवरचा चेंडू मागे द्यायचा किंवा फेकायचा. हालचाल झटक्यात आणि सलग हवी. चेंडू सेंटरच्या हातून लगेच सुटला पाहिजे, आणि आपल्याच बाजूच्या लाइनमनला (ओळीवरच्या खेळाडूला) लागण्याआधी मागच्या खेळाडूला किंवा जमिनीला लागला पाहिजे. शेजारच्या गार्डच्या हातात गुपचूप सरकवलेला चेंडू म्हणजे कायदेशीर स्नॅप नव्हे. तो पायांमधूनच गेला पाहिजे अशी मात्र अट नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. मी पुस्तक मिटून पुन्हा उघडलं होतं.

मग सेंटर. त्याच्यासाठी वेगळी उजळणी करा, कारण तुमचा अर्धा सामना त्याच्या हातांकडे बघण्यात जाणार आहे. पाय न्यूट्रल झोनच्या मागे. हा झोन म्हणजे दोन्ही संघांच्या ओळींमधली, चेंडूच्या लांबीएवढी, साधारण 11 इंचांची पट्टी. चेंडूवरचे हात सोडले तर शरीराचा कुठलाही भाग चेंडूच्या पुढच्या टोकापलीकडे नको, आणि यात डोकंही आलं. शिवण बोटांखाली यावी म्हणून चेंडू उचलून जागच्या जागी गोल फिरवायला त्याला मुभा आहे. पण टोकं उलटापालटी करणं, जागा बदलणं किंवा चेंडू तिरपा ठेवणं नाही. हात लावल्यावर दोन्ही हात काढायचे नाहीत, एक काढला तर चालतं. स्नॅपचा आभास होईल असा झटका द्यायचा नाही. आणि स्नॅपआधी स्पष्ट थांबायचं.

हे ‘स्पष्ट थांबणं’ सगळ्यात अवघड, कारण ते सेकंदांत मोजलेलं नाही. माझं मत असं की चेंडू स्थिर झालेला तुम्हाला दिसला, तर तो थांबला. दिसला की नाही असा प्रश्न पडला, तर तो थांबला नाही, पण पहिल्या वेळी तोंडी समज देऊन भागतं. समोरचा पोरगा फसून उडी मारतो तेव्हा मात्र समज पुरत नाही. त्या क्षणी एकच ठरवायचं असतं: सेंटरने चेंडू नुसता फिरवला, की झटका दिला? फिरवला असेल तर झोन ओलांडणाऱ्या बचावपटूचा गुन्हा, एन्क्रोचमेंट. झटका असेल तर आधी सेंटर चुकला, दंड त्याच्या संघाला. दोन्हीकडे 5 यार्डच, पण दिशा उलटी. बचावपटूने सेंटरच्या हातातून सुटण्याआधी चेंडूला किंवा त्याच्या हाताला स्पर्श केला तर तीही एन्क्रोचमेंट.

आता रात्री झोपण्याआधी हे मनात पक्कं बसवा. क्रिकेटमध्ये नो-बॉल पडला तरी चेंडू चालू असतो, धावा निघतात. इथे स्नॅप बेकायदा असेल तर डाऊन, म्हणजे ती खेळी, सुरूच झालेला नसतो. चेंडू मेलेलाच आहे, म्हणून रुमाल (चूक दाखवायला टाकतात तो) आणि शिट्टी एकदम. मागे एका सोमवारी ज्युनियर व्हार्सिटीच्या, म्हणजे शाळांच्या दुय्यम संघांच्या, सामन्यात सेंटरने चेंडूचं टोक उचललं. मी ते पाहिलं, रुमाल टाकला, आणि शिट्टी तोंडात तशीच राहिली. अस्तित्वातच नसलेल्या त्या खेळात क्वार्टरबॅकवर, म्हणजे स्नॅप घेणाऱ्या खेळाडूवर, पाठीमागून एक दणदणीत धडक बसली. पोरगं उठलं, काही झालं नाही. त्यांचे प्रशिक्षक मला जे बोलले ते इथे लिहीत नाही, पण ते बरोबर होते.

याउलट काही चुकांवर शिट्टी वाजवली तर ती तुमची चूक. स्नॅपच्या वेळी दोघे जण हलत असले, कोणी एकटा पण पुढच्या दिशेने सरकत असला, मागे चारपेक्षा जास्त खेळाडू असले, हडल (घोळक्यातली मसलत) किंवा शिफ्टनंतर (जागा बदलल्यावर) अकराही जण एक पूर्ण सेकंद निश्चल झाले नसले, तर रुमाल टाका आणि गप्प राहा. चेंडू जिवंत आहे. बचावाने तो मध्येच पकडून पळवला तर त्यांना तोच निकाल हवा असेल. फॉल्स स्टार्टची, म्हणजे स्नॅपआधीच सुटण्याची, गोष्ट निराळी, तिथे लगेच शिट्टी. खो मिळायच्या आत उठणाऱ्याला आपण शाळेत जसं तिथल्या तिथे टोकायचो, तसंच.

एक बारीक कलम मुद्दाम वाचा. ओळीवर नसलेल्यांपैकी फक्त एकालाच जवळच्या लाइनमनच्या कंबररेषेच्या पुढे यायला परवानगी आहे. त्याचे हात पायांमधून येणारा चेंडू घेण्याच्या तयारीत हवेत. पण चेंडू त्याच्याकडेच आला पाहिजे असं नाही, तो मागच्या कुणाकडेही थेट जाऊ शकतो.

सामन्याआधी पंचांची बैठक होते, तिथे स्नॅपचं काम वाटून घ्या. सेंटर तुमचा, दोन्ही कडांचे पंच आपापल्या बाजूची ओळ आणि हालचाल बघतील. नंतर प्रशिक्षकांना भेटाल तेव्हा काही विचित्र खेळी आहे का, हे सरळ विचारा. बहुतेक जण सांगतात, कारण त्यांनाच भीती असते की अननुभवी पंच ऐन वेळी शिट्टी फुंकेल. 2010 साली टेक्सासच्या कॉर्पस क्रिस्टीतल्या ड्रिस्कॉल मिडल स्कूलची खेळी इंटरनेटवर जगभर पाहिली गेली. 5 यार्डांचा दंड मोजायचा आहे अशी बतावणी झाली, सेंटरने खांद्यावरून चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती दिला, तो बचावाच्या मधून चालत गेला आणि मग धूम पळाला. असं काही तुमच्यासमोर झालं तर स्नॅप पायांमधून आला नाही म्हणून दंड देऊ नका, तसा नियमच नाही. एनएफएचएसच्या केसबुकचा रोख वेगळा आहे. विचित्र रचना, शिफ्ट, हुलकावण्या या खेळाचाच भाग. पण काहीतरी अडचण आहे, स्नॅप इतक्यात होणार नाही असं बोलून-वागून प्रतिस्पर्ध्याला भासवणं हे खिलाडूपणाच्या बाहेरचं, म्हणजे 15 यार्ड. क्वार्टरबॅकच्या हाकांची नक्कल करून गोंधळ घालणाऱ्या बचावपटूला मात्र 5 यार्डांचा दंड. ते तुमच्या दोन हातांवर उभे असतात, ऐकू तुम्हालाच येणार.

पिशवीत शिट्ट्या दोन, रुमाल, जागेची खूण म्हणून टाकायची बीनबॅग, डाऊन मोजायचा बोटातला रबर, कार्ड आणि पेन्सिल. पावसाची शक्यता असेल तर चेंडू पुसणाऱ्या मुलांकडे टॉवेल आहेत का ते बघून घ्या, ओल्या चेंडूवर सेंटर जास्त चुळबुळ करतो.

मैदानावर गेल्यावर दोन्ही सेंटरना गाठा आणि दोन वाक्यं बोला: चेंडू ठेवला तसा राहू दे, आणि सोडण्याआधी मला थांबलेला दिस. पंटसाठी (चेंडू लाथेने दूर पाठवण्याच्या खेळीसाठी) वेगळा सेंटर येत असेल तर त्यालाही भेटा. किकच्या रचनेत तो डोकं खाली घालून दोन पायांमधून मागे बघत असतो, समोरून येणारा त्याला दिसतच नाही. त्याच्यावर थेट चाल करून जाण्याला 15 यार्ड आणि आपोआप फर्स्ट डाऊन (नव्याने पहिली संधी) आहे. म्हणून पंटच्या वेळी चेंडूमागे नजर धावू देऊ नका. चेंडू कुठे पडतो ते बघायला बॅक जज, म्हणजे मागे खोलवर उभा असलेला पंच, आहे, तुम्ही त्या पोराचं डोकं वर येईपर्यंत त्याच्याकडेच बघा.