साथीच्या काळात मनाचा आजार: ओळखायचा कसा, डॉक्टर गाठायचा कसा, गोळ्या चालू ठेवायच्या कशा

२०२० मध्ये कुणी म्हणालं की रात्र रात्र झोप नाही, जीव घाबरा होतो, तर समोरून ठरलेलं उत्तर यायचं, अहो सगळ्यांचंच असं झालंय. खोटं नव्हतं ते. जागतिक आरोग्य संघटनेनं नंतर हिशोब मांडला तर पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि डिप्रेशन साधारण २५ टक्क्यांनी वाढलेलं निघालं. पण ह्या एका वाक्यापायी कितीतरी लोक डॉक्टरकडे गेलेच नाहीत, आणि ज्यांची औषधं आधीपासून चालू होती त्यांची ओपीडी बंद, एसटी बंद, लोकल बंद. पुढची साथ कधी येईल कोण सांगणार, पण आली तर हे हाताशी असू द्या. पुरात अडकलात तरी यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी हे बघा, टेन्शन आहे की आजार

काळजीचं कारण खरं आहे म्हणून आजार नाही, असं काही नसतं. नोकरी गेली, घरात कुणी गेलं, तर वाईट वाटणारच, पण त्यातूनच डिप्रेशन सुरूही होऊ शकतं. त्यामुळे कारण शोधत बसू नका, दोनच गोष्टी बघा: किती दिवस चाललंय आणि रोजची कामं अडताहेत का. दोन आठवडे झाले, जवळजवळ रोज मन खाली आहे किंवा कशातच गोडी नाही, आंघोळ सुद्धा जड जातेय, जेवण नाहीतर झोप बिघडलीय, तर दाखवायची वेळ झाली.

पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली आहे, फुकट, मराठीतही मिळते. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७. बेरीज १० किंवा वर गेली तर डॉक्टर गाठायचा. नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरला फोन करायचा. आणि हे लक्षात असू द्या की ही फक्त चाळणी आहे, निदान डॉक्टरच करणार, मार्कांचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकून काही होत नाही.

आपल्याकडे अजून एक भानगड असते, मनाचं दुखणं अंगातून बाहेर येतं. छातीत धडधड, हातपाय गळाले, गॅस झाला, बीपी लो झाला वाटतं. कोरोनात तर दम लागला की पहिला विचार काय यायचा ते सांगायला नको. तर आधी ऑक्सिमीटर लावा, ९४ च्या खाली दाखवत असेल तर मनाबिनाचं नंतर, आधी दवाखाना. छातीत दुखत असेल तर ईसीजी. ऑक्सिजन नीट, ईसीजी नीट, आणि झटका काही मिनिटांत चढून मग आपोआप उतरतो, परत परत येतो, तर पॅनिक अटॅक असू शकतो आणि त्याला चांगले उपचार आहेत.

उलटंही होतं, दिसतं मनाचं आणि असतं शरीराचं. म्हणून डॉक्टर थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन बघायला सांगतात, त्याला पैसे खायचे धंदे म्हणू नका. कोरोनात बऱ्याच जणांना स्टेरॉइड दिली होती, त्यानं झोप उडते, चिडचिड वाढते, क्वचित माणूस भलतंसलतं बोलायला लागतो, तेव्हा आधी कुठली औषधं झाली ते सांगा. आणि घरातले आजी-आजोबा तापात अचानक बरळायला लागले, माणसं ओळखेनात, दिवसा झोप आणि रात्री गोंधळ, तर ते 'डोक्यावर परिणाम झाला' नाही, इन्फेक्शननं मेंदू गोंधळलाय, त्यांना तडक हॉस्पिटलात न्यायचं.

कोरोना होऊन गेल्यावर तर लक्ष ठेवाच. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २ लाख ३६ हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या, बहुतेक अमेरिकेतल्या, त्यात साधारण तिघांपैकी एकाला पुढच्या सहा महिन्यांत मेंदूचं किंवा मनाचं काहीतरी निदान झालेलं होतं. बऱ्याच जणांना ते आधीपासून होतं, पण काहींना आयुष्यात पहिल्यांदाच.

कुणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे ह्याच विषयात शिकलेला डॉक्टर, गोळ्या तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी करतात, औषध देत नाहीत, त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ह्या केंद्राच्या संस्थेकडे असते, नंबर विचारायला लाजू नका. समुपदेशक बोलून मदत करतात, पण लॉकडाऊनमध्ये आठवड्याचा ऑनलाइन कोर्स करून काउन्सेलर झालेलेही होते बरं का, तेव्हा शिक्षण विचाराच.

कुठून सुरू करू कळत नसेल तर १४४१६ लावा. ही टेली-मानस, सरकारची फुकट हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, मराठीतही बोलतात, गरज असेल तर पुढे तज्ज्ञाला जोडून देतात. प्रत्यक्ष दाखवायचं तर जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटल किंवा मेडिकल कॉलेजची मानसोपचार ओपीडी. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. तिथं पाऊल ठेवलं की डांबून ठेवतात हा समज काढून टाका, ओपीडीत दाखवून संध्याकाळी घरी येतात लोक. यातलं काहीच जमत नसेल तर निदान आपल्या फॅमिली डॉक्टरला खरं काय ते सांगा, नुसतं अशक्तपणा म्हणून सलाइन लावून घेऊ नका.

व्हिडिओ कॉलवर दाखवताना

२५ मार्च २०२० ला केंद्रानं टेलिमेडिसिनचे नियम काढले, तेव्हापासून फोनवर, व्हिडिओवर दाखवणं नियमात बसतं. पहिल्यांदाच दाखवत असाल तर व्हिडिओच घ्या, चेहरा, बोलण्याचा वेग, हाताची थरथर हे डॉक्टरला बघायचं असतं.

कॉलच्या आधी अर्ध्या पानावर लिहून काढा. कधीपासून, झोप किती वाजता लागते आणि कधी मोडते, जेवण, दारू-तंबाखू किती (खरं लिहा), घराण्यात कुणाला होतं का, आधीचे आजार. चालू गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढताना मागची बाजू काढा, नाव आणि मिलिग्रॅम तिथं असतं, 'ती छोटी पिवळी गोळी' म्हटलं तर डॉक्टरला काय कळणार.

खरी अडचण वेगळीच असते, एका खोलीत पाच जण, सासू भाजी निवडतेय, पोरगं मोबाईल मागतंय, तिथे बोलणार काय. गच्चीवर जा, गाडीत बसा, नाहीतर इअरफोन घालून सुरुवातीलाच सांगा की आजूबाजूला माणसं आहेत, तुम्ही हो-नाहीत उत्तर येईल असे प्रश्न विचारा. डॉक्टरांना ह्याची सवय असते. जे बोलता येत नाही ते चॅटमध्ये टाईप करा. घरातच मारहाण होत असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. आणि बोलणं तुमच्या परवानगीशिवाय बाहेर जाऊ नये, हा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला आहे.

कॉल संपायच्या आत चार गोष्टी विचारून घ्या: निदान काय वाटतंय, गोळी किती दिवसांनी लागू पडेल, त्रास झाला तर फोन कुठं करू, पुढची तारीख कधी. चिठ्ठीवर डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर आहे का बघा, नाहीतर मेडिकलवाला परत पाठवतो.

गोळ्यांचं

डिप्रेशनच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, आणि मळमळ वगैरे मात्र पहिल्याच आठवड्यात होते, म्हणून लोक नेमके तिथंच सोडतात. बरं वाटल्यावर सुद्धा निदान सहा महिने चालू ठेवतात.

साथीची बातमी आली की डॉक्टरला विचारून महिन्याभराचा जादा साठा घेऊन ठेवा. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांवर कायदा कडक आहे, त्या नुसत्या व्हिडिओवर मिळतीलच असं नाही, त्यांची सोय आधी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम जातीच्या गोळ्या संपल्या म्हणून एकदम थांबवायच्या नाहीत, फिट येऊ शकते.

लिथियम (मूडचे टोकाचे चढउतार आवरणारी गोळी) चालू असेल तर ताप, जुलाब, उलट्यांत अंगातलं पाणी कमी होऊन त्याची रक्तातली पातळी वाढते, त्यात आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर घेतली की अजून वाढते. आमच्या मावशी लिथियमवर आहेत, त्यांच्या फ्रिजवर कागद चिकटवलाय, 'तापाला फक्त पॅरासिटामॉल, डॉक्टरला फोन'. हात जोरात कापायला लागले, चालताना तोल जातोय, जीभ जड झाली, तर थांबू नका, रक्त तपासायला न्या. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरची गोळी) घेणाऱ्यांना ताप किंवा घसादुखी झाली तर कोरोनाच असेल म्हणून घरी बसायचं नाही, सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी करायची, ह्या गोळीनं पांढऱ्या पेशी घसरू शकतात.

रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली तर दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, भास, फिट, जिवावर बेततं. २०२० मध्ये मार्चअखेर ते मे दुकानं बंद होती तेव्हा हे किती घरांत झालं असेल विचार करा. अशा माणसाला खोलीत कोंडून 'आता सुटेल' म्हणायचं नाही, हॉस्पिटलात न्यायचं.

ऑनलाइन-बिनलाइन कधी सोडायचं

मरण्याचं बोलतोय, निरोपाची भाषा करतोय, गोळ्या साठवतोय. तीन-चार रात्री झोप नाही तरी अंगात वारं भरल्यासारखी बडबड आणि वाट्टेल तसे पैसे उडवणं. कानात आवाज येताहेत आणि ते ऐकून वागतोय. खाणंपिणं पूर्ण बंद. अशा वेळी ११२ हा आणीबाणीचा नंबर किंवा जवळचं कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) असलेलं हॉस्पिटल, लॉकडाऊन असला तरी. माणसाला एकटं सोडू नका, औषधं, कीटकनाशक, दोऱ्या नजरेआड करा. मनात मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारा, विचारल्यानं ते डोक्यात भरत नाहीत.

पैशाचं

त्याच २०१७ च्या कायद्यानं विमा कंपनीला मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच कव्हर देणं बंधनकारक केलंय. बऱ्याच पॉलिसीत मात्र ॲडमिट झालात तरच पैसे मिळतात, ओपीडीचं कव्हर वेगळं, तेव्हा आपलं आहे का ते आजच बघा. डिस्चार्ज कार्डावर निदान लिहून घ्या. नवीन पॉलिसी घेताना चालू गोळी लपवू नका, नंतर क्लेम तिथंच अडतो. आणि क्लेम नाकारला तर फोनवरच्या उत्तरावर विश्वास न ठेवता लेखी पत्र मागा, आधी कंपनीकडे तक्रार आणि मग विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जाताना तोच कागद लागतो.